हुतात्मा तुकाराम ओंबळे

महाबळेश्वराच्या पठारावर पाच नद्यांचा उगम मानला जातो. त्यांपैकी वेण्णा ही डोंगरउतार उतरून पूर्वेकडे येते, मेढ्यावरून पुढे वाहते आणि साताऱ्याजवळ माहुलीच्या संगमावर कृष्णेला मिळते. पुढे कऱ्हाडास कोयनेला पोटाशी धरून कृष्णामाई सांगलीच्या सुपीक काळ्या रानांकडे निघून जाते. मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण. या तालुक्याचा मुलूख मोठा अवघड आहे. उभे कडे, दाट रान, खोल दऱ्या आणि त्यांच्या कुशीत विसावलेली लहान लहान गावे! याच जावळीच्या खोऱ्यात १६५६ साली शिवरायांनी पाय रोवले आणि स्वराज्याला सह्याद्रीचा भक्कम आधार मिळवून दिला.

अशा या डोंगराळ मुलखात केडंबे नावाचे एक छोटेसे गाव आहे. तुकाराम गोपाळ ओंबळे हे या गावचे सुपुत्र. इतिहासात ज्यांची नावे कोरली जातात, त्यांतील पुष्कळजण राजवाड्यांत जन्मलेले, मोठ्या विद्यापीठांत शिकलेले अथवा मोठ्या सेना चालविणारे असतात. तुकारामांपाशी यांतील काहीच नव्हते. ते एका शेतकरी घरात जन्मले, फौजेत शिपाई म्हणून राबले आणि पुढे मुंबईच्या पोलीस दलात साधी नोकरी करीत राहिले. तरीही त्यांचे नाव आज साऱ्या देशात आदराने घेतले जाते. हे कसे घडले, ते आपण पाहू.

जावळीच्या डोंगरात पाऊस धो धो कोसळतो. परंतु उतारावरची माती पाणी धरून ठेवीत नाही. भात, नाचणी, वरी अशी पिके तेथील शेतकरी मोठ्या कष्टाने काढतात. शेत थोडे आणि खाणारी तोंडे फार, अशी घरोघरची स्थिती असे. त्यामुळे घरातील एखादा तरी कर्ता मुलगा पोटापाण्यासाठी घाट उतरून जाई. कोणी मुंबईच्या गिरणीत लागे, कोणी बंदरावर आणि बाजारात डोक्यावरून ओझी वाही. त्याच्या मनिऑर्डरीकडे घरच्या माणसांचे डोळे लागलेले असत.

कोणी फौजेची वाट धरी. सैनिकी परंपरा ही साताऱ्याच्या मातीची जुनी ओळख आहे. याच जिल्ह्यातील अपशिंगे या गावातील इतके लोक पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात गेले, की लोक त्या गावाला ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखू लागले. पहिल्या महायुद्धात एकट्या त्या गावचे ४६ वीर कामी आले. ‘पोरगा फौजेत आहे’ हे सांगताना साताऱ्याकडच्या आईबापांचा ऊर भरून येतो, तो यामुळेच.

तुकारामांनीही हीच वाट धरली. ते भारतीय सैन्याच्या सिग्नल्स दलात भरती झाले. रणभूमीवर एका तुकडीचा निरोप दुसरीपर्यंत बिनचूक आणि तत्काळ पोहोचविणे हे या दलाचे काम. तोफेचा गडगडाट सर्वांना ऐकू येतो. परंतु तोफ कोठे आणि केव्हा डागावयाची, हा निरोप नेणारा मनुष्य कोणाच्या नजरेत भरत नाही. त्याच्याकडून एक शब्द चुकला, तर शेकडो प्राण धोक्यात येतात. म्हणूनच ‘तीव्र चौकस’ हे या दलाचे बोधवाक्य आहे. आपण पडद्याआड राहून नेमून दिलेले काम डोळ्यांत तेल घालून करावयाचे, ही शिस्त तुकारामांच्या अंगी येथे मुरली. नाईक या हुद्द्यावर असताना ते सैन्यातून निवृत्त झाले.

फौजेतून परतलेल्या पुष्कळशा जवानांना आता स्वस्थ बसावे, गावी शेती पाहावी, असे वाटते. तुकारामांनी मात्र एक गणवेश उतरवून दुसरा अंगावर चढविला. १९९१ साली ते मुंबई पोलीस दलात शिपाई म्हणून दाखल झाले.

येथे आपल्या भागाच्या इतिहासातील एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके पूर्वी सातारा जिल्ह्यातच मोडत असत. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. स्वातंत्र्याच्या लढ्यात हा सारा भाग एकजुटीने पेटून उठला होता. १९४२ च्या सप्टेंबर महिन्यात वडूज येथे आणि त्या वेळच्या इस्लामपुरात कचेरीवर मोर्चे घेऊन निघालेल्या निःशस्त्र शेतकऱ्यांवर व तरुणांवर परकीय सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पुढे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथे प्रतिसरकार उभे राहिले आणि गावोगावच्या लोकांनी आपला न्याय आपणच करावयास प्रारंभ केला. त्या काळी खाकी पोशाख दिसला, की आयाबाया मुलांना घरात ओढून घेत. पोलीस हा परक्यांचा चाकर, अशीच लोकांची भावना होती आणि तिला कारणही तसेच होते.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. पोशाख तोच राहिला, परंतु त्यामागचा धनी बदलला. आता पोलीस हा जनतेचा सेवक झाला. सज्जनांचे रक्षण करावे आणि दुष्टांना आवर घालावा, अशा अर्थाचे बोधवाक्य महाराष्ट्र पोलिसांनी स्वीकारले. तथापि, बोधवाक्य लिहिणे सोपे असते, लोकांच्या मनातील जुने भय घालविणे अवघड असते. ते भय भाषणांनी जात नाही. रात्रीअपरात्री हाकेला धावून येणाऱ्या, पुराच्या पाण्यात उतरणाऱ्या, हरवलेले मूल आईच्या हाती देणाऱ्या एकेका पोलिसाच्या वागणुकीने ते हळूहळू वितळते. सातारा-सांगलीच्या ज्या खेड्यांनी परक्यांच्या पोलिसांशी झुंज दिली, त्याच खेड्यांतील मुले स्वतंत्र भारतात पोलीस झाली, यात या बदलाचे सार आहे. तुकाराम हे त्यांपैकीच एक.

मुंबईत त्यांची नेमणूक डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाण्यात होती. गिरगाव चौपाटीचा परिसर या ठाण्याच्या हद्दीत येतो. ही चौपाटी म्हणजे मुंबईचे अंगणच होय. येथेच १९२० साली लोकमान्य टिळकांना लक्षावधी लोकांनी अखेरचा निरोप दिला. येथेच अनंत चतुर्दशीला गणरायांचे विसर्जन होते आणि समुद्राच्या लाटांपुढे माणसांच्या लाटा उसळतात. त्या गर्दीत दोर धरून उभा असलेला, घसा बसेपर्यंत शिट्टी वाजविणारा पोलीस आपण सर्वांनी पाहिलेला असतो. परंतु त्याने जेवण केले आहे काय, त्याच्या घरी सणाचे गोडधोड त्याच्यावाचून कसे गोड लागत असेल, हा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. तुकारामांची नोकरी अशीच होती. बंदोबस्त, गस्त, नाकाबंदी, पुन्हा बंदोबस्त! सतरा वर्षे त्यांनी हे काम केले आणि शिपायाच्या हुद्द्यापासून ते सहायक फौजदाराच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. घरी पत्नी आणि चार मुली असा त्यांचा संसार होता.

२००८ सालच्या नोव्हेंबर महिन्याची २६ तारीख उजाडली. तो बुधवार होता. त्या दिवशी तुकारामांच्या आयुष्यात वेगळे काही घडेल, असे कोणासही वाटले नसेल. परंतु तिकडे समुद्रावर एक भयंकर संकट मुंबईकडे सरकत होते. कराचीहून निघालेल्या दहा दहशतवाद्यांनी वाटेत ‘कुबेर’ नावाची एक भारतीय मासेमारी नौका बळकावली होती. तिच्यावरील खलाशांचे त्यांनी प्राण घेतले होते. रात्री रबरी होडीतून ते कुलाब्याजवळच्या मच्छीमार वस्तीपाशी किनाऱ्याला लागले आणि दोघादोघांच्या टोळ्या करून शहरात शिरले.

थोड्याच वेळात मुंबईत हाहाकार उडाला. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहत बसलेल्या प्रवाशांवर गोळ्यांचा वर्षाव झाला. ताजमहाल आणि ओबेरॉय-ट्रायडंट या हॉटेलांत, नरीमन हाऊसमध्ये, लिओपोल्ड उपाहारगृहात निरपराध माणसे बळी पडू लागली. हा हल्ला २९ नोव्हेंबरच्या सकाळपर्यंत चालला आणि त्यात १६६ जणांचे प्राण गेले.

छत्रपती शिवाजी टर्मिनसवर संहार करणाऱ्या दोघांची नावे इस्माईल खान आणि अजमल कसाब अशी होती. तेथून ते कामा रुग्णालयाकडे गेले. रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन शूर अधिकारी त्यांच्या गोळ्यांना बळी पडले. त्याच पोलीस गाडीत बसून हे दोघे पुढे निघाले. वाटेत त्या गाडीचे चाक निकामी झाले, तेव्हा त्यांनी रस्त्यावरून जाणारी एक स्कोडा मोटार बळकावली आणि समुद्रकाठच्या रस्त्याने ते गिरगावच्या दिशेने वेगाने येऊ लागले.

ही वार्ता बिनतारी यंत्रावरून पोलीस ठाण्यांना कळली. गिरगाव चौपाटीपाशी भडकमकर मार्ग ठाण्याच्या पोलिसांनी रस्त्यावर अडथळे उभे करून नाकाबंदी केली. एरवी दिव्यांच्या माळेमुळे राणीच्या रत्नहारासारखा शोभणारा तो रस्ता त्या रात्री सुनसान पडला होता. एका बाजूस समुद्राची गाज, दुसऱ्या बाजूस मिटलेली दारे, आणि मध्ये रस्ता अडवून उभे असलेले मोजके पोलीस! त्यांतील काहींपाशी लहान शस्त्रे होती, बाकीच्यांच्या हाती केवळ लाठ्या होत्या. समोरून येणाऱ्या माणसांपाशी मिनिटभरात शेकडो गोळ्या ओकणाऱ्या रायफली आहेत, हे त्यांना ठाऊक होते. तरी एकही जण जागचा हलला नाही. त्या फळीत सहायक फौजदार तुकाराम ओंबळे उभे होते. त्यांच्यापाशी बंदूक नव्हती.

मध्यरात्र उलटून गेली. २६ तारीख सरून २७ तारीख लागली होती. इतक्यात दूरवरून मोटारीचे दिवे दिसू लागले. अडथळे पाहून ती मोटार अलीकडेच थांबली. डोळे दिपविणारे दिवे तसेच चालू ठेवून चालविणाऱ्याने ती मागे वळविण्याचा प्रयत्न केला. परंतु ती रस्त्याच्या दुभाजकावर जाऊन अडकली. पोलीस दोन्ही बाजूंनी तिच्याकडे धावले. इस्माईल खानाने गोळीबार सुरू केला. पोलिसांनी त्यास गोळ्यांनीच उत्तर दिले आणि त्यात तो ठार झाला.

त्याच वेळी दुसऱ्या बाजूने कसाब बाहेर पडला. त्याच्या हाती एके-४७ रायफल होती. तिची नळी वर उचलली जाणार आणि समोरचे सारे पोलीस टिपले जाणार, हे उघड होते. विचार करावयास क्षणाचाही अवधी नव्हता. मागे सरले असते, तर तुकारामांना कोणी दोष दिला नसता. निःशस्त्र मनुष्याने भरलेल्या रायफलीपुढे आडोसा शोधावा, हे कोणीही समजून घेतले असते. परंतु तुकाराम मागे सरले नाहीत. ते पुढे झेपावले आणि त्यांनी ती नळी आपल्या दोन्ही हातांनी घट्ट पकडली.

कसाबाने घोडा दाबला. गोळ्या तुकारामांच्या देहात शिरल्या. परंतु नळीवरची त्यांची पकड सुटली नाही. त्यांच्या हातांत अडकलेली ती नळी इतरांवर रोखता येणे अशक्य झाले. त्या थोड्या क्षणांत बाकीचे पोलीस कसाबावर तुटून पडले. त्यांनी लाठ्यांनी त्याला जेरीस आणले, शस्त्र हिसकावून घेतले आणि त्याला जिवंत पकडले. या झटापटीत सहायक पोलीस निरीक्षक संजय गोविलकर जखमी झाले. तुकारामांना तातडीने रुग्णालयात नेण्यात आले. परंतु त्यांची प्राणज्योत मालवली होती. जावळीच्या डोंगरातून निघालेली एक साधी जीवनयात्रा अरबी समुद्राच्या काठी अशी संपली.

त्या क्षणाचे मोल किती होते, हे पुढे दिसून आले. मुंबईवर चालून आलेल्या दहा जणांपैकी नऊ मारले गेले. जिवंत हाती लागला तो एकटा कसाब. मेलेला मनुष्य काही सांगत नाही. हे हल्लेखोर कोठून आले, त्यांना कोणी शिकविले, कोणी शस्त्रे दिली, कोणत्या मार्गाने ते आले, या साऱ्या प्रश्नांची उत्तरे मिळविण्यास त्याचा जबाब उपयोगी पडला. कसाब हा आपला नागरिक असल्याचे २००९ च्या जानेवारीत पाकिस्तानला मान्य करावे लागले. तुकारामांनी त्या रात्री आपल्या सोबत्यांचे प्राण तर वाचविलेच, शिवाय सत्याचा एक मोठा साक्षीदारही देशाच्या हाती दिला.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपला सोबती डोळ्यांदेखत कोसळला असता पोलिसांचे रक्त किती उसळले असेल, याची कल्पना करा. तरीही त्यांनी मारेकऱ्याला जिवंत धरून कायद्याच्या स्वाधीन केले. त्याच्यावर न्यायालयात रीतसर खटला चालला. त्याला स्वतःची बाजू मांडण्यासाठी वकील देण्यात आला. २०१० साली विशेष न्यायालयाने त्याला दोषी ठरविले. २०११ साली मुंबई उच्च न्यायालयाने आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. त्यानंतरच, २१ नोव्हेंबर २०१२ रोजी, पुण्याच्या येरवडा कारागृहात त्याला फाशी देण्यात आली. ज्यांनी कायदा पायदळी तुडविला, त्यांनाही कायद्यानेच शिक्षा व्हावी, यात सुसंस्कृत राष्ट्राची थोरवी असते. सूड घेणे सोपे असते, न्याय करणे कठीण. पोलिसाचे काम सूड घेण्याचे नसून गुन्हेगाराला न्यायासनापुढे उभे करण्याचे आहे. तुकारामांचे बलिदान या कामी आले, म्हणून ते अधिक मोलाचे.

परंतु केवळ गौरव करून थांबणे योग्य होणार नाही. लाठी घेऊन रायफलीला सामोरे जाण्याची पाळी एका पोलिसावर यावी, ही गोष्ट त्याला भूषणावह असली, तरी समाजाला विचार करावयास लावणारी आहे. हल्ल्यानंतर राज्य शासनाने राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. राष्ट्रीय तपास संस्था स्थापन करण्याचा कायदा २००८ साल संपण्यापूर्वीच झाला. महाराष्ट्राने ‘फोर्स वन’ हे खास प्रशिक्षित पथक उभारले. सागरी सुरक्षेकडे अधिक लक्ष दिले जाऊ लागले. शूर माणसाच्या शौर्यावर सारा भार टाकून इतरांनी निश्चिंत राहणे हा त्याचा सन्मान नव्हे. त्याच्या हाती योग्य साधने देणे, त्याच्या पाठीशी उभे राहणे आणि त्याच्या कुटुंबाची आठवण ठेवणे, हाच त्याचा खरा सन्मान होय.

२६ जानेवारी २००९ रोजी, प्रजासत्ताकदिनी, नवी दिल्ली येथे तुकाराम ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र अर्पण करण्यात आले. शांततेच्या काळातील असामान्य शौर्याबद्दल देण्यात येणारा हा भारतातील सर्वोच्च सन्मान आहे. तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते तो तुकारामांच्या पत्नीने स्वीकारला. करकरे, कामटे आणि साळसकर या अधिकाऱ्यांनाही त्याच दिवशी अशोकचक्र मिळाले. उच्च पदावरील अधिकारी आणि सहायक फौजदार यांच्या हुद्द्यांत केवढे अंतर! परंतु बलिदानाच्या दरबारात हुद्दे विचारले जात नाहीत. तेथे सर्वांचे आसन सारखेच असते.

गिरगाव चौपाटीजवळ आज तुकारामांचा पुतळा उभा आहे. केडंबे येथे त्यांचे स्मारक उभारण्यास महाराष्ट्र शासनाने २०२५ साली मंजुरी दिली. शास्त्रज्ञांनीही त्यांचे स्मरण मोठ्या कल्पकतेने केले आहे. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या, उड्या मारून भक्ष्य पकडणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला २०२१ साली त्यांनी ‘आयसियस तुकारामी’ असे नाव दिले. इवलासा तो जीव. पण झेप घेण्यास तो कचरत नाही. त्याला हे नाव शोभते, असे कोणास वाटणार नाही?

दरवर्षी २१ ऑक्टोबर रोजी सकाळी सातारा आणि सांगली येथील पोलीस मुख्यालयांत एक गंभीर सोहळा होत असतो. १९५९ साली याच दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे, हाडे गोठविणाऱ्या थंडीत, चिनी सैन्याशी लढताना दहा भारतीय पोलिसांनी वीरमरण पत्करले. त्यांच्या आठवणीखातर हा दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. स्मृतिस्तंभापुढे पोलीस रांगेत उभे राहतात. वर्षभरात देशात कर्तव्य बजावताना कामी आलेल्या पोलिसांची नावे वाचली जातात. नंतर शस्त्रे उलटी धरून, मान लववून त्यांना मानवंदना दिली जाते. बिगूल वाजतो आणि क्षणभर सारे मैदान स्तब्ध होते.

त्या नावांत चकमकीत पडलेले असतात, अपघातात गेलेले असतात, लोकांना वाचविताना स्वतःचे प्राण गमावलेलेही असतात. त्यांतील बहुतेकांचे पुतळे उभे राहत नाहीत. त्यांची नावे वर्तमानपत्रांत एक दिवस येतात आणि पुढे फक्त त्यांच्या घरच्यांच्या मनात उरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला आणि सांगली शहर पाण्याखाली गेले. त्या वेळी छातीइतक्या पाण्यातून म्हाताऱ्यांना आणि लेकरांना बाहेर काढणाऱ्यांत, सैनिक आणि स्वयंसेवक यांच्या जोडीला पोलीसही होते. २०२० साली करोनाच्या साथीत सारे लोक घरात असताना चौकाचौकात पोलीस उभे होते आणि त्यांतील पुष्कळांना त्या रोगाने गाठले. या साऱ्यांच्या सेवेचे प्रतीक म्हणजे तुकाराम ओंबळे होत.

शौर्य हे काही एका रात्रीत अंगी येत नाही. ज्याने वर्षानुवर्षे लहानसहान कामे मन लावून केली, सांगितलेली जागा सोडली नाही, त्यालाच कसोटीच्या क्षणी पाऊल पुढे टाकणे सुचते. तुकारामांनी गिरगावच्या रस्त्यावर जे केले, त्याची तयारी फौजेतील शिस्तीत आणि सतरा वर्षांच्या साध्या चाकरीत झाली होती. तो क्षण आला, तेव्हा त्यांना काही नवे करावे लागले नाही. ते नेहमीप्रमाणे आपल्या जागी उभे राहिले, एवढेच. आणि ती जागा त्यांनी प्राण गेला तरी सोडली नाही.

मुलांनो, शाळेच्या वाटेवर, जत्रेत, एस. टी. च्या स्थानकावर तुम्हांला उन्हातान्हात उभा असलेला पोलीस दिसेल. त्याला पाहून भिण्याचे कारण नाही. त्याच्याकडे आदराने पाहा. त्याच्या घरीही तुमच्यासारखीच मुले त्याची वाट पाहत असतील. केडंब्याचे तुकारामही असेच कोणाच्या नजरेत न भरणारे एक पोलीस होते.

वेण्णा आजही मेढ्यावरून वाहत कृष्णेला मिळते आणि कृष्णा साताऱ्याचे पाणी सांगलीला नेते. डोंगरातील त्या लहान प्रवाहाने पुढे केवढी नदी मोठी केली, हे सपाटीवरच्या लोकांना ठाऊक नसते. तुकारामांच्या जीवनाचेही तसेच आहे. लहान गावातून निघालेले ते पाणी आता साऱ्या देशाच्या स्मृतीत मिसळून गेले आहे.

स्वाध्याय

१. जावळी भागातील तरुणांना गाव सोडून बाहेर का जावे लागे?
२. सिग्नल्स दलाचे काम कोणते? तेथील शिस्त तुकारामांना पुढे कशी उपयोगी पडली असेल?
३. स्वातंत्र्यापूर्वी सातारा-सांगलीच्या लोकांना पोलिसांचे भय का वाटत असे? ते भय कशाने वितळते, असे लेखक म्हणतात?
४. कसाब जिवंत सापडल्यामुळे कोणकोणत्या गोष्टी साध्य झाल्या?
५. ‘सूड घेणे सोपे असते, न्याय करणे कठीण.’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : डोळ्यांत तेल घालून काम करणे, ऊर भरून येणे, पायदळी तुडविणे, जेरीस आणणे.
७. आपल्या गावच्या पोलीस ठाण्यास शिक्षकांसह भेट द्या. तेथील एका पोलिसाचा दिवस कसा जातो, याविषयी दहा ओळी लिहा.